वाळूच्या टेकड्यांवरचं निळं ल्युपिन आणि त्याला लागणारी आग

रानजाई

न्यूयॉर्क राज्याची राजधानी अल्बनी आणि शेजारचं स्केनेक्टडी यांच्या मधे वाळूचा एक रुंद पट्टा आहे. समुद्र इथून लांब, तरी पायाखाली सगळी वाळूच. हिमयुग ओसरलं तेव्हा वितळलेल्या बर्फाचं एक प्रचंड सरोवर या खोऱ्यात साचलं होतं. नदीने त्यात वाळू आणून टाकली, पुढे सरोवर रिकामं झालं आणि उघड्या पडलेल्या वाळूतून वाऱ्याने टेकड्या केल्या. त्या टेकड्यांवरच्या रानाला अल्बनी पाइन बुश म्हणतात. मी जवळच राहते आणि तिथे बी गोळा करणं, रोपं लावणं अशा कामांना स्वयंसेवक म्हणून जाते. तिथल्या एका फुलाबद्दल इथे लिहावं असं खूप दिवस मनात होतं.

इथे पाऊस कमी पडत नाही. पण पडलेलं पाणी वाळूतून लगेच खाली निघून जातं, त्यामुळे दमट हवेतही वरचा थर कोरडा आणि निकस राहतो. अशा जमिनीत नेहमीची मोठी झाडं सावकाश येतात. ठेंगणे पिच पाइन, झुडपी ओक, मधेमधे गवत आणि त्या गवतात मे-जूनमध्ये फुलणारं वाइल्ड ल्युपिन, शास्त्रीय नाव ल्युपिनस पेरेनिस. हे शेंगावर्गीय झाड, म्हणजे आपल्या तागाच्या आणि हरभऱ्याच्या कुळातलं. मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून निकस वाळूतही त्याचं भागतं. सोटमूळ कित्येक फूट खोल जातं. वरचा सगळा भाग दर हिवाळ्यात मरतो आणि वसंतात त्याच मुळातून परत येतो.

पान हाताच्या पंजासारखं, सात ते अकरा पर्णिका एकाच बिंदूतून फुटलेल्या. पाऊस किंवा दव पडल्यावर त्या बिंदूवर पाण्याचा एकच गोल थेंब ठरलेला असतो. झाड फूट-दोन फुटांचं, तुरा निळा-जांभळा. भुंगा फुलावर बसला की त्याच्या वजनाने खालच्या पाकळ्या दबतात आणि त्यांच्या टोकातून पराग बाहेर ढकलले जाऊन त्याच्या पोटाला लागतात. जूनअखेर लव असलेल्या शेंगा काळपट होतात, आणि कडक उन्हात दोन्ही फाकी पिळवटून तडकतात. शांत दुपारी तो आवाज कानावर येतो. बी उडतं ते काही फुटांवरच पडतं. वाऱ्याने जाणारं हे बी नाही, पक्षीही ते लांब नेत नाहीत. म्हणून एखाद्या तुकड्यातून ल्युपिन गेलं की शेजारून ते आपसूक परत येण्याला फार वेळ लागतो, आणि मधे रस्ता असेल तर येतच नाही.

याच ल्युपिनवर कार्नर ब्लू नावाचं फुलपाखरू जगतं. जेमतेम इंचभर रुंदीचं. नर वरून चांदीची झाक असलेला निळा, मादी करडट निळी, मागच्या पंखांच्या कडेला नारिंगी चंद्रकोरी. त्याच्या अळ्या वाइल्ड ल्युपिनच्या पानांखेरीज काही खात नाहीत. वर्षाला दोन पिढ्या. हिवाळाभर अंडी बर्फाखाली असतात, एप्रिलमध्ये अळ्या निघतात, मेअखेर-जूनमध्ये फुलपाखरं उडतात. त्यांच्या अंड्यांतून दुसरी पिढी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तिची अंडी पुढच्या वसंतापर्यंत तशीच राहतात. कार्नर ही इथलीच छोटी वस्ती, जुना रेल्वेचा थांबा. व्लादिमीर नाबोकोव्ह हे कादंबरीकार म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण हार्वर्डच्या संग्रहालयात फुलपाखरांवर काम करताना 1940 च्या दशकात या फुलपाखराचं शास्त्रीय वर्णन त्यांनी केलं.

आता मूळ मुद्दा. हा प्रदेश एकेकाळी सुमारे 25,000 एकर होता. घरं, मॉल, कचरा डेपो आणि दोन महामार्ग यांत बहुतेक गेला. राज्याने 1988 मध्ये पाइन बुशसाठी आयोग नेमला आणि आज तीन हजार एकरांहून थोडी जास्त जमीन राखीव आहे. पण जमीन राखीव केल्याने ल्युपिन वाचत नाही. या रानाला अधूनमधून आग लागत असे, विजेने लागत असे आणि इथले मूळ लोक लावतही असत. पिच पाइनची साल जाड, जळलेल्या खोडालाही पालवी फुटते. झुडपी ओक मुळातून उठतो. ल्युपिनचं मूळ खोल असल्याने त्याला आगीचं काही वाटत नाही. विसाव्या शतकात आगी विझवायला लागले, आणि दोन-तीन दशकांत ओक दाटले, पाइनच्या सुया आणि पालापाचोळा साचला, सावली झाली. सावलीत ल्युपिन आधी फुलायचं थांबतं, मग विरळ होतं. कुंपण शाबूत आणि आतलं फूल नाहीसं, असं होऊ शकतं. म्हणून आता तिथे ठरवून आग लावतात, झुडपं कापतात आणि उघड्या वाळूत ल्युपिनचं बी पेरतात.

अमेरिकेत राहणाऱ्या बागप्रेमींना एक कळकळीची विनंती: दुकानात ‘ल्युपिन’ म्हणून मिळणारं बहुतेक बी या जातीचं नसतं. त्याबद्दल खाली सविस्तर बोलू.

गवतफुला

फार सुंदर लिहिलंय ताई. शेंग तडकण्याचा आवाज आमच्याकडे तेरड्याच्या बोंडांचा माहीत आहे, शेंगांचा असा कधी ऐकला नाही. एक विचारू का? फुलपाखरू एकाच झाडावर अवलंबून आहे म्हणजे ल्युपिन भरपूर लावलं की काम झालं, असं का नाही?

रानजाई

गवतफुला, ल्युपिन भरपूर असूनही फुलपाखरू नाही अशा जागा आहेत. त्याला फक्त पान पुरत नाही. उन्हाळी पिढीच्या फुलपाखरांना मध लागतो, आणि तोवर ल्युपिनची फुलं संपलेली असतात. मग बटरफ्लाय वीड, ठिपक्यांचं बी बाम, न्यू जर्सी टी ही फुलं आसपास असावी लागतात.

दुसरं, पूर्ण उघड्या उन्हातलं ल्युपिन दाट आणि भरपूर फुलणारं असतं, पण जुलैच्या उन्हात ते लवकर पिवळं पडून वाळतं. नेमक्या तेव्हा दुसऱ्या पिढीच्या अळ्यांना हिरवं पान हवं असतं. एखाद्या ओकच्या कडेला, अर्ध्या सावलीत असलेलं ल्युपिन फुलं कमी देतं पण जास्त दिवस हिरवं राहतं. तिथल्या पानांवर अळ्या चांगल्या पोसतात. म्हणजे मोकळं, अर्धं झाकलेलं आणि मधेच एखादं झाड असं मिश्रण लागतं. सरसकट सगळं साफ केलं तरी नुकसान आणि सगळं दाटू दिलं तरी नुकसान.

आणि हे फुलपाखरू उडायला कच्चं आहे. बहुतेक जण जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरपलीकडे जात नाहीत. दोन तुकड्यांमधे दाट जंगल किंवा रुंद रस्ता आला की तुटलंच.

कीटकवेडा

ताई, मुंग्या राहिल्या! या अळ्यांच्या पाठीवर एक ग्रंथी असते, त्यातून गोड द्राव येतो. मुंग्या तो खायला येतात आणि त्या बदल्यात कोळी, गांधीलमाश्या, परजीवी माश्या यांना जवळ फिरकू देत नाहीत. मुंग्यांची सोबत असलेल्या कार्नर ब्लूच्या अळ्या जास्त जगतात हे अभ्यासात दिसलेलं आहे.

हे बघायला अमेरिकेत जायलाच हवं असं नाही. मी नाशिककडचा. आमच्याकडे बोरीच्या पानावर पिएरो फुलपाखरांच्या हिरव्या चपट्या अळ्या असतात, त्यांच्याभोवती मुंग्या घुटमळताना कोणालाही दिसतील. तेच कुळ, तोच व्यवहार. बोरीच्या फांदीवर मुंग्यांची अकारण वर्दळ दिसली की पान उलटून बघा.

रानजाई

कीटकवेडा, अगदी बरोबर. इथे अळी शोधायची रीतही तीच. अळी पानाच्याच रंगाची, नुसती बघून सापडत नाही. पण ती पानाचा एका बाजूचा गर खाते आणि दुसऱ्या बाजूचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर काचेच्या तावदानासारखे पारदर्शक डाग दिसतात. ते डाग आणि जवळ मुंग्या, की समजायचं.

टेकडीकर

लेख आवडला, पण आगीवर माझी हरकत आहे आणि ती गंभीर आहे. मी पुण्यात टेकड्यांवर काम करणाऱ्या एका गटात आहे. दर वर्षी जानेवारी ते एप्रिल वणवे लागतात, बहुतेक माणसांनीच लावलेले. रोपं जळतात, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, साप, सगळे मरतात, आणि पावसाळ्याआधी उघडी पडलेली माती पहिल्या सरीबरोबर वाहून जाते. ‘आग निसर्गाला लागतेच’ हे वाक्य आम्हाला वणवा लावणाऱ्यांकडूनच ऐकायला मिळतं. कृपा करून हे वाक्य असं मोकळं सोडू नका.

रानजाई

टेकडीकर दादा, तुमची हरकत मला पूर्ण मान्य आहे आणि ती इथे नोंदवलीत हे फार बरं केलंत. इथली आग कशी लावतात ते लिहिते, म्हणजे फरक कळेल.

कोणता तुकडा जाळायचा ते आधीच नकाशावर ठरतं. भोवती जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा, काढतात. वाऱ्याचा वेग आणि दिशा, हवेतला दमटपणा, पाचोळ्यातली ओल हे सगळं ठरावीक मर्यादेत असेल तरच काडी लागते, नाहीतर सगळी माणसं जमून परत जातात. धूर महामार्गावर किंवा वस्तीवर जाऊ नये हेही बघावं लागतं, कारण दोन्ही अगदी लागून आहेत. आणि मुख्य म्हणजे सगळं एकदम कधीच जाळत नाहीत. आगीत फुलपाखराची अंडी आणि अळ्या मरतातच, त्याला इलाज नाही. म्हणून एक तुकडा जाळला तर शेजारचे राखतात, आणि जळलेल्या तुकड्यात फुलपाखरू शेजारून परत येईल एवढं अंतर ठेवतात. तोच तुकडा पुन्हा जाळायला मधे काही वर्षं जातात.

सह्याद्रीत तीच टेकडी वर्षामागून वर्ष, उन्हाळ्याच्या तोंडावर, कोणाच्या ताब्यात नसलेल्या आगीत जळते. तिथली झाडं, तिथला पावसाचा हिशेब वेगळा. पाइन बुशच्या आगीवरून पुण्याच्या टेकडीवर काडी लावणं योग्य ठरवता येणार नाही, आणि तसं कोणी म्हणत असेल तर माझा धागा त्याच्या बाजूने वापरू देऊ नका.

टेकडीकर

आभार, हे स्पष्ट लिहिणं आवश्यक होतं. आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला, म्हणजे सावलीच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या टेकड्यांवर पूर्वी ग्लिरिसिडिया भरमसाट लावला गेला. झटपट वाढतो, नत्र धरतो, टेकडी हिरवी दिसते. पण त्याच्या दाट सावलीत आणि पाचोळ्याखाली गवत टिकत नाही, आणि गवताबरोबर पावसाळी रानफुलं जातात. कंदीलपुष्पासारख्या कंदवर्गीय वनस्पतींना उघडा, गवताळ, खडकाळ उतार लागतो. ‘उजाड’ टेकडीवर झाडं लावणं हे पुण्यकर्म मानलं जातं, त्यामुळे विरोधात बोललं की लोक आपल्यालाच निसर्गविरोधी ठरवतात.

रानजाई

दादा, तुम्ही ग्लिरिसिडियाचं नाव काढलंत आणि मला इथला ब्लॅक लोकस्ट आठवला. तोही शेंगावर्गीय, तोही झपाट्याने वाढणारा, मुळांतून फुटवे काढत पसरणारा. वाळूत तो इतका नत्र घालतो की निकस जमीन सकस होते, आणि मग निकस जमिनीवर जगणाऱ्या झाडांचा फायदाच संपतो. बाहेरचं गवत आणि तण घुसतं. पाइन बुशमध्ये लोकस्टचे दाट पट्टे यंत्राने मुळासकट काढून तिथे देशी गवतं आणि ल्युपिन पेरलं आहे. हिरवीगार झाडं पाडताना बघून लोक हळहळतात, ते मी समजू शकते. पण त्याच जागी काही वर्षांनी ल्युपिन फुलतं, हेही मी पाहिलेलं आहे.

ल्युपिन स्वतः नत्र धरतं, मग लोकस्टने काय बिघडलं, असं कोणी विचारेल. प्रमाणाचा प्रश्न आहे. फूट-दोन फुटांचं झुडूप आणि साठ-सत्तर फुटांचा वृक्ष.

देवरुखी

आमच्या रत्नागिरीच्या सड्यांचं दुखणंही जवळपास हेच. जांभ्याचा उघडा कातळ, कागदोपत्री पडीक. पावसाळ्यात तिथे काय फुलतं ते सरकारी नोंदीत कुठे नाही. वाळू आणि कातळ वेगळे, पण ‘झाड नाही म्हणजे काही नाही’ हा समज दोन्हीकडे सारखा. असो, सड्यांवर वेगळा धागा काढतो, इथे विषयांतर नको.

मॅडिसनकर

विस्कॉन्सिनहून थोडी भर घालतो. आज कार्नर ब्लूची सगळ्यात जास्त संख्या आमच्या राज्यात आहे. मध्य विस्कॉन्सिनमध्येही हिमयुगातल्या सरोवराची वाळू आहे, नसीडा अभयारण्य त्याच भागात. गंमत वाटेल पण फोर्ट मॅकॉय या लष्करी तळावर ल्युपिन चांगलं टिकलं आहे. सरावाच्या गाड्यांनी वाळू उकरली जाते, झुडपं मोडतात, आणि उघड्या वाळूत ल्युपिनचं बी रुजतं. विजेच्या तारांखालच्या पट्ट्यांत, रस्त्यांच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षं कापणी होते तिथेही तेच.

फुलपाखरू 1992 मध्ये संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आलं, तेव्हा वनकंपन्या, वीज कंपन्या, रस्तेवाले सगळ्यांची अडचण झाली, कारण त्यांच्या रोजच्या कामातच ते मरू शकत होतं. 1999 मध्ये राज्याने या सगळ्यांना एका अधिवास योजनेत आणलं. काम करा, पण कधी आणि कसं कापायचं याचे नियम पाळा. कापणी बंद केली असती तर ते पट्टे दाटले असते आणि ल्युपिन गेलं असतं. माझ्या मते सक्त मनाईपेक्षा हा मार्ग शहाणपणाचा ठरला.

हिमकण

आम्ही न्यू हॅम्पशायरला, कॉन्कर्डजवळ. कार्नर ब्लू हे आमचं राज्य फुलपाखरू आहे, आणि तरीही 2000 च्या आसपास ते राज्यातून संपलं होतं! मग न्यूयॉर्कमधून आणलेल्या फुलपाखरांपासून पैदास करून ते पुन्हा सोडलं. इथे शाळेतली मुलं ल्युपिनची रोपं वाढवतात आणि वसंतात विमानतळाजवळच्या पाइन रानात लावतात. माझ्या मुलीनेही लावली आहेत.

हवामानाचं काय? इथे बर्फ पूर्वीसारखा टिकत नाही असं जुने लोक म्हणतात.

रानजाई

हिमकण, तो सगळ्यात कठीण प्रश्न आहे. बर्फाचा थर अंड्यांना थंडीच्या चढउतारांपासून वाचवतो. त्याहून मोठी भीती वेळ चुकण्याची. मिशिगन सरोवराकाठच्या इंडियाना ड्यून्समध्ये 2012 साली मार्चमध्येच कडक ऊन पडलं, सगळं लवकर सुरू झालं, आणि पाठोपाठ उन्हाळ्यात दुष्काळाने ल्युपिन वाळलं. तिथली आधीच रोडावलेली संख्या त्यातून सावरली नाही आणि पुढच्या काही वर्षांत फुलपाखरू तिथून दिसेनासं झालं. कॅनडात, ओंटारिओत, ते त्याच्या वीसेक वर्षं आधीच नाहीसं झालं होतं. ल्युपिन मात्र दोन्हीकडे अजून आहे.

म्हणूनच एकाच टेकडीवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. उत्तर उतार, दक्षिण उतार, ऊन, अर्धी सावली असे वेगवेगळे तुकडे जोडलेले असले तर एखाद्या वाईट वर्षी कुठेतरी हिरवं पान उरतं. अल्बनीत फुलपाखरांची संख्या काही शेकड्यांवर आली होती ती हजारोंवर गेली, ती अशा जोडकामामुळे आणि पैदास करून सोडल्यामुळे.

मंजू_जर्सी

आम्ही दक्षिण न्यू जर्सीत, अंगणात नुसती वाळू. काही येत नाही म्हणून वैतागले होते, हा धागा वाचून एकदम हुरूप आला. ल्युपिनचं बी कुठलं घ्यावं आणि कसं लावावं? मागे एका दुकानातून वाइल्डफ्लॉवर मिक्स आणलं होतं, त्यात गुलाबी, पिवळी, पांढरी ल्युपिन आली आणि दुसऱ्या वर्षी गेली.

रानजाई

मंजू, ती गुलाबी-पिवळी म्हणजे बागेतली संकरित ल्युपिन, त्यांचा मुख्य पूर्वज पश्चिम किनाऱ्याकडचा ल्युपिनस पॉलिफायलस. त्याला ओलसर, थंड जमीन लागते, म्हणून तुझ्या वाळूत टिकलं नाही. मेन राज्यात रस्त्याच्या कडेला जी छातीएवढी ल्युपिन बघायला लोक जातात ती बहुतेक तीच, तिथली मूळची नाहीत. धोका असा की ती जवळपास असली तर आपल्या ल्युपिनशी संकर होतो, आणि मूळ जात हळूहळू पुसली जाते. ओळखायला पान मोज: आपल्याला सात ते अकरा पर्णिका, त्याला साधारण अकरा ते सतरा. आपलं ठेंगणं, तुरा विरळ. ते उंच, तुरा गच्च.

बी घेताना पाकिटावर ‘ल्युपिनस पेरेनिस’ असं पूर्ण नाव हवं, आणि शक्यतो आपल्या भागातल्या रोपांचं बी विकणाऱ्या देशी वनस्पतींच्या रोपवाटिकेतूनच घे. रानातून बी किंवा रोप उचलू नकोस, राखीव जागेतून तर मुळीच नाही. रोप उपटलं तर सोटमूळ तुटतं आणि ते मरतं.

पेरायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, थेट जागेवर. बियांचं कवच टणक असतं, सँडपेपरवर हलकेच घासून घे. हिवाळ्याच्या थंडीने उरलेलं काम होतं. पालापाचोळा बाजूला करून उघड्या वाळूत अर्धा सेंटीमीटर दाब, बस. खत नको, कंपोस्ट नको. शेजारी ल्युपिन कधीच नसेल तर ल्युपिनसाठीचं जिवाणू कल्चर बियांना चोळ, नाहीतर मुळांवर गाठी धरायला उशीर लागतो. पहिल्या वर्षी नुसती पानं दिसतील, सगळी वाढ खाली चाललेली असते. फूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. हरणं आणि ससे कोवळी पानं फस्त करतात, म्हणून सुरुवातीला जाळी लाव.

आणि एक, बियांमध्ये विषारी अल्कलॉइड असतात. शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर वाळायच्या आधी काढून घे.